बोर्डो : गाव, वाइन, रंग आणि आपल्या बागेतला निळा फवारा

प्रश्न विचारणारा कृषी पदविकेचा विद्यार्थी आहे, घरची द्राक्षबाग मणेराजुरीच्या बाजूला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: "आमच्या घरी आजोबांपासून सगळे 'बोर्डो मारला' म्हणतात. पलूसला वाइनविषयी माहिती घ्यायला गेलो, तर तिथेही 'बोर्डो' ऐकलं, कधी वाइनबद्दल तर कधी नुसत्या बाटलीबद्दल. सांगलीत बहिणीने नखांचा रंग घेतला, त्यावर तेच नाव, आणि रंग मात्र गडद लाल. हा एकच शब्द आहे का? मूळ कुठलं? 'बोर्ड'शी काही संबंध? आणि प्रकल्पाच्या वहीत 'बोर्डो मिश्रण' लिहू की 'बोर्डो द्रावण'?"

तासगाव, मिरज, कवठेमहांकाळ या पट्ट्यातल्या द्राक्षबागांना सल्ला देण्याचंच काम मी आयुष्यभर केलं. आपल्याकडे बोर्डो म्हणजे मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि चुना पाण्यात मिसळून द्राक्षाच्या रोगावर मारायचा निळा फवारा. त्यामुळे हा शब्द रोज तोंडात असतो, आणि कोणी त्याचं मूळ विचारलं की मला मनापासून आनंद होतो. उत्तर मोठं आहे, कारण या शब्दाचा निम्मा भाग आपल्यापर्यंत आलाच नाही. तो निम्मा भाग कळला की औषध कसं वागतं तेही कळतं.

आधी सरळ उत्तर. हो, तिन्ही ठिकाणी शब्द एकच. बोर्डो हे फ्रान्सच्या नैर्ऋत्येकडच्या एका शहराचं नाव आहे. ते गारोन नदीच्या काठी वसलं आहे, आणि ही नदी पुढे दुसऱ्या नदीला मिळून जिरोंद नावाच्या रुंद खाडीतून अटलांटिक महासागराला जाते. फ्रेंच उच्चार 'बोर्दो', द दगडातला. आपल्याकडे शब्द इंग्रजीतून आला म्हणून द चा ड झाला. रोमन लिपीत शेवटी जी लांबलचक अक्षरं दिसतात त्यांचा सगळ्यांचा मिळून फ्रेंचमध्ये नुसता 'ओ' होतो आणि शेवटचा एक्स मुका असतो. काही मुलं पाटीवर वाचून 'बोर्ड्यूक्स' म्हणतात. तुमच्या आजोबांनी कानाने ऐकून उचललेला 'बोर्डो' त्यापेक्षा मूळ उच्चाराच्या कितीतरी जवळ आहे.

'बोर्ड'शी संबंध नाही. फ्रेंचमध्ये 'बोर' म्हणजे काठ आणि 'ओ' म्हणजे पाणी, म्हणून बोर्दो म्हणजे 'पाण्याकाठचं' गाव, अशी एक फोड तिकडेही सांगितली जाते. ऐकायला ती छान वाटते, पण खरी नाही. रोमन काळात या शहराचं नाव बुर्दिगाला होतं. फ्रेंच भाषा तयार होण्याच्या कितीतरी शतकं आधीचं हे नाव, आणि तेच झिजत झिजत बोर्दो झालं. आधी नाव झिजायचं आणि मग झिजलेल्या नावातून नवा अर्थ काढायचा, हे गावांच्या नावांबाबत आपल्याकडेही सर्रास होतं. म्हणून स्थाननामाची फोड ऐकली की जुन्या कागदात ते नाव कसं लिहिलंय ते आधी पाहावं.

वाइनचा अर्थ सर्वांत जुना. ११५२ मध्ये आक्विटेन प्रांताची वारसदार एलिनॉर हिने हेन्रीशी लग्न केलं. दोन वर्षांनी तो इंग्लंडचा राजा झाला आणि बोर्डोचा मुलूख इंग्रज राजघराण्याकडे गेला. तो थेट १४५३ पर्यंत. तीनशे वर्षं बोर्डोच्या बंदरातून जहाजं भरभरून वाइन इंग्लंडला जात राहिली, त्यामुळे इंग्रजीत हे नाव घरचंच झालं. तिथल्या तांबड्या वाइनला इंग्रज 'क्लॅरेट' म्हणतात. तोही जुना फ्रेंच शब्द, मूळ अर्थ फिक्या, पारदर्शक रंगाची वाइन. कॅबर्ने सोव्हिन्यों आणि मेर्लो या दोन जातींची नावं तुम्ही पलूसला ऐकली असतील, त्यांचं घर हेच. बाटलीचा अर्थ यातूनच निघाला. सरळ अंगाची, उंच खांद्यांची बाटली ती बोर्डो, आणि उतरत्या खांद्यांची ती बर्गंडी. बर्गंडी हाही फ्रान्सचाच वाइनचा प्रांत.

रंगाचं नाव वाइनवरूनच पडलं. फ्रेंचमध्ये 'बोर्दो' रंग म्हणजे काळपट झाक असलेला गडद लाल. आपल्या साडीच्या दुकानात त्याच्या जवळच्या छटेला 'वाइन कलर' किंवा 'मरून' म्हणतात, आणि गंमत वाटेल, पण 'मरून' हा शब्दही फ्रेंचच. फ्रेंच 'मारों' म्हणजे चेस्टनट हे फळ. त्याच्या तपकिरी सालीवरून रंगाला नाव पडलं आणि इंग्रजीत जाऊन तो लालाकडे सरकला.

आता आपला अर्थ. जगभर बोर्डो म्हटलं की लाल रंग डोळ्यांसमोर येतो, आणि तासगावात बोर्डो म्हटलं की निळा. हात निळे, पंप निळा, काडी निळी. हा उलटा रंग कुठून आला त्याची हकिकत पुरेशी नोंदलेली आहे, आणि ती प्रत्येक द्राक्षबागाईतदाराला माहीत असायला हवी असं मला वाटतं.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला अमेरिकेतून आलेल्या द्राक्षरोपांबरोबर फिलॉक्सेरा नावाची बारीक कीड फ्रान्समध्ये शिरली. ती मुळांवर जगते. फ्रेंच वेलींच्या मुळांना तिच्याशी लढायची सवयच नव्हती, आणि बागाच्या बागा वाळल्या. उपाय निघाला तो असा, की मुळं अमेरिकन वेलीची घ्यायची आणि त्यावर फ्रेंच जातीचं कलम करायचं. आज आपण डॉगरिज खुंटावर थॉम्पसन, सोनाका किंवा तास-ए-गणेश भरतो, त्या पद्धतीचं मूळ तिथे आहे. आपल्याकडे कारण वेगळं: खारवट पाणी, चोपण जमीन आणि पाण्याचा ताण. पण खुंट अमेरिकन, डोळा आपल्या आवडीचा, हे तंत्र त्या संकटातून आलेलं.

तर कीड थांबवायला अमेरिकन वेली येत राहिल्या आणि त्यांच्याबरोबर आणखी एक पाहुणा आला, डाऊनी (डाऊनी मिल्ड्यू) हा रोग. आपल्या पुस्तकात 'केवडा'. १८७८ मध्ये तो फ्रान्समध्ये पहिल्यांदा आढळला. बोर्डो समुद्राजवळचं, हवा दमट, पाऊस वर्षभर थोडाथोडा. डाऊनीला याहून चांगली जागा नाही. पानाखाली पांढरी लव, वरून तेलकट डाग, मग पानगळ आणि कच्चे घड तसेच वेलीवर. हे वर्णन तुम्हाला परतीच्या पावसातल्या आपल्या बागेचंच वाटेल.

बोर्डोच्या विद्यापीठात पिएर-मारी-आलेक्सी मिलार्दे नावाचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. १८८२ च्या ऑक्टोबरअखेर ते मेदोक भागातल्या सँ-ज्युलियाँ गावातून जात होते. बाकी बागांची पानं झडून गेली होती. रस्त्याकडेच्या ओळींची मात्र हिरवी होती. त्या पानांवर निळसर थर दिसला. चौकशी केल्यावर कळलं, की रस्त्याने जाणारे येणारे द्राक्षं तोडून खातात म्हणून कडेच्या ओळींवर मोरचूद आणि चुना शिंपडण्याची तिथे रीत आहे. पानं विषारी दिसावीत, कोणी हात लावू नये, एवढाच उद्देश. आपल्याकडेही रस्त्याला लागून बाग असली की कडेची ओळ राखणं किती अवघड, हे सांगायला नको. तिथल्या माणसांनी चोर थांबवायला जे केलं त्याने रोग थांबला होता.

मिलार्देंचं मोठेपण मला यात दिसतं, की त्यांनी नुसतं पाहून सोडून दिलं नाही. तिथल्याच ड्युक्रू-बोकायू या मळ्याचे व्यवस्थापक एर्नेस्ट दाविद यांच्या मदतीने त्यांनी वेगवेगळ्या प्रमाणांचे प्रयोग केले, रसायनाची बाजू युलिस गेयाँ यांनी सांभाळली, आणि १८८५ मध्ये कृती प्रसिद्ध केली. शंभर लिटर पाण्यात आठ किलो मोरचूद, वेगळं तीस लिटर पाण्यात पंधरा किलो कळीचा चुना, मग दोन्ही एकत्र. आपल्या आजच्या एक टक्क्याच्या मानाने मोरचूद सहापट. ते पंपाने फवारण्याजोगं नव्हतंच. मजूर एका हातात भांडं धरायचा, दुसऱ्या हातात लहान झाडू, आणि झाडू बुडवून पानांवर शिंपडायचा.

इथे त्या नावाचा हरवलेला निम्मा भाग येतो. फ्रेंचमध्ये या औषधाला नुसतं 'बोर्दो' म्हणत नाहीत. त्याचं नाव 'बुयी बोर्दलेझ'. 'बोर्दलेझ' म्हणजे बोर्डोची, हे विशेषण. खरं नाम 'बुयी'. बुयी म्हणजे शिजवून केलेली दाटसर पातळ पेज, लहान बाळाला भरवतात ती. मराठीत अगदी नेमका शब्द आहे, खिमट. मूळ धातू उकळण्याचा, त्यातूनच सूपवाला 'बुयों' आला आणि इंग्रजीतला उकळण्याचा शब्दही. म्हणजे शब्दशः 'बोर्डोची खिमट'. पंधरा किलो चुना घातलेलं ते पहिलं औषध डोळ्यांसमोर आणा, नाव किती चपखल आहे ते कळेल. आज फ्रेंच शेतकरी टाकीतल्या कुठल्याही फवारणीच्या पाण्याला बुयी म्हणतो, इतका तो शब्द शेतीत रुळला.

शेजारच्या भाषांनी हा शब्द पूर्ण घेतला. इटालियनमध्ये 'पोल्तील्या बोर्दोलेझे', तिथेही पोल्तील्या म्हणजे लगद्यासारखं पातळ मिश्रण. स्पॅनिशमध्ये 'काल्दो बोर्देलेस', काल्दो म्हणजे रस्सा. जर्मनमध्ये 'ब्र्यूऽ', तोही रस्साच. फक्त इंग्रजीने स्वयंपाकघरातला शब्द टाकून दिला आणि त्याजागी 'मिक्श्चर' ठेवलं. आपली कृषी महाविद्यालयं इंग्रजीतून शिकली, म्हणून आपल्याकडे 'बोर्डो मिश्रण' आलं. मग बोलताना 'मिश्रण' गळून पडलं आणि नुसतं गावाचं नाव उरलं. खिमट वाटेतच राहिली.

रोगाच्या नावाचा प्रवास उलट दिशेने झाला, तेही सांगतो. फ्रेंच लोक डाऊनीला 'मिल्दिऊ' म्हणतात. हा इंग्रजी 'मिल्ड्यू' त्यांनी आपल्या वळणाने लिहून घेतलेला. औषधाचं नाव फ्रेंचमधून इंग्रजीत गेलं आणि रोगाचं इंग्रजीतून फ्रेंचमध्ये.

द्राक्षाच्या बाबतीत इंग्रजीने फ्रेंचकडून घेतलेले शब्द असेच इकडचे तिकडे झाले आहेत. फ्रेंच 'ग्राप' म्हणजे घड. इंग्रजीने तो घेतला आणि फळालाच 'ग्रेप' म्हणू लागले. फ्रेंच 'रेझाँ' म्हणजे ताजं द्राक्ष. इंग्रजीने तो घेऊन वाळवलेल्या द्राक्षाला 'रेझिन' केलं. म्हणून फ्रेंच माणसाला वाळवलेलं द्राक्ष सांगायचं तर 'सुकं रेझाँ' असं वेगळं सांगावं लागतं. आपल्या तासगावच्या बाजारात घड, मणी आणि बेदाणा हे तीन शब्द आपापल्या जागी घट्ट बसलेत. त्यातला 'बेदाणा' फारसी, बी नसलेला. प्रकल्पात इंग्रजी शब्द वापरताना एवढं लक्षात ठेवा, की निर्यातीच्या एखाद्या जुन्या फ्रेंच कागदावर 'रेझाँ' दिसलं तर तो माल बेदाणाच असेल असं समजू नका.

बोर्डो भारतात दुसऱ्या पिकांवरही गाजला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला म्हैसूर संस्थानात लेस्ली कोलमन या शास्त्रज्ञांनी सुपारीच्या कोळेरोगावर त्याचा वापर रुजवला. 'कोळे' हा कानडी शब्द, कुजण्याचा. आजही कोकणात आणि मलनाडात, म्हणजे कर्नाटकातल्या घाटमाथ्याच्या भागात, पावसाळ्याच्या तोंडावर सुपारीच्या घोसांवर बोर्डो मारतात. सीमेपलीकडे अथणी-विजयपूरकडचे बागाईतदार 'बोर्डो द्रावण' म्हणतात, आणि आपल्या मिरज पूर्व भागातही तो शब्द ऐकू येतो. तुमच्या वहीच्या प्रश्नाचं मूळ बहुधा तिथेच असावं. त्याकडे येतो, पण आधी या मिश्रणात नेमकं काय घडतं ते पाहू, कारण उत्तर त्यात आहे.

मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट. संस्कृतात 'तुत्थ', त्यावरून हिंदीत 'नीला थोथा'. ते पाण्यात पूर्ण विरघळतं, निळंभोर पारदर्शक होतं, आणि आम्लधर्मी असतं. तसंच पानावर मारलं तर पान जळतं. चुना घातला की तांबं विरघळलेलं राहत नाही. त्याचे आकाशी रंगाचे, अगदी बारीक, न विरघळणारे कण तयार होतात, बरोबर थोडा जिप्समही. हे कण पानावर पातळ थर होऊन चिकटतात आणि वाळले की साध्या पावसाने सहज धुपत नाहीत. नंतर दव पडलं की त्या थरातून तांबं अतिशय थोडंथोडं सुटं होत राहतं.

डाऊनीला हेच मारक. हा रोग करणारा जीव खऱ्या बुरशीपेक्षा पाण्यातल्या शेवाळांच्या जवळचा. बटाट्यावरच्या उशिरा येणाऱ्या करप्याचा भाऊबंद. याचे बीजाणू पाण्यात पोहतात. पानाच्या खालच्या बाजूला दवाच्या थरातून पोहत ते पर्णरंध्रापर्यंत जातात आणि आत शिरतात. त्या पाण्यात सुटं तांबं असेल तर ते पोहतानाच मरतात. एकदा आत शिरले की बोर्डोचा उपयोग नाही, कारण ते कण पानात शिरत नाहीत. म्हणून बोर्डो हा आधी मारायचा, डाग दिसल्यावर नाही. आणि पानाच्या खालच्या बाजूला पोचला नाही तर अर्धं काम वाया.

आपल्याकडे त्याची वेळ कोणती? पावसाळ्यात काडी पक्व होत असताना, पानं जुनी झालेली असताना, ऑक्टोबर छाटणीच्या आधी, म्हणजे बागेत रोगाचं बीज कमीत कमी उरावं. छाटणीनंतर लगेच खोडावर आणि ओलांड्यावर (खोडाच्या आडव्या फांद्यांवर). कोवळ्या फुटीवर आणि फुलोऱ्यात मी एक टक्क्याचा बोर्डो कधीच सुचवत नाही. हवा गार आणि ओली असली, पानं वाळायला वेळ लागला, की तांबं जास्त सुटतं आणि कोवळं पान करपतं. पोंगा (नुकता फुटणारा कोंब) ते फुलोरा हाच डाऊनीचा सर्वांत घातक काळ आणि नेमका परतीच्या पावसाचा, त्यामुळे तेव्हा दुसरी औषधं लागतात. मणी धरल्यावर तर नकोच. निळे डाग खायच्या द्राक्षाच्या मालावर खपत नाहीत.

करायची रीत बहुतेकांना माहीत आहे, तरी प्रकल्पासाठी लिहा: एक टक्क्याला १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १०० लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळ्या भांड्यांत, ५०-५० लिटरमध्ये. भांडी प्लॅस्टिकची. लोखंडाची किंवा जस्ती नकोत. मोरचूद कापडाच्या पुरचुंडीत बांधून पाण्यात वरच्या बाजूला टांगून ठेवलं की लवकर विरघळतं, तळाला टाकलं की बसून राहतं. चुना थोड्या पाण्यात फोडून, थंड होऊ देऊन, गाळून घ्यायचा. मग मोरचुदाचं पाणी चुन्याच्या पाण्यात बारीक धारेने, सतत ढवळत. किंवा दोन्ही एकदम तिसऱ्या पिंपात. गरम असताना मिसळलं किंवा उलट चुनाच मोरचुदात ओतला तर कण जाड होतात, लवकर बसतात, पानाला नीट चिकटत नाहीत.

मग खिळ्याची परीक्षा. घासून चकचकीत केलेला लोखंडी खिळा किंवा विळ्याचं पातं मिनिटभर बुडवा. त्यावर तांबूस थर आला तर विरघळलेलं तांबं शिल्लक आहे, पान जळणार. आणखी चुन्याचं पाणी घाला आणि पुन्हा पाहा. लोखंड त्या पाण्यातल्या तांब्याची जागा घेतं आणि तांबं लोखंडावर बसतं, एवढंच त्यामागचं कारण, आणि लोखंडी भांडं नको म्हणतात तेही याचसाठी. चुना जुना, हवा लागून मेलेला असेल तर किलोला किलो हिशेब चुकतोच. वजनापेक्षा खिळ्यावर भरवसा ठेवा. लिटमस कागद असेल तर उत्तम: लाल कागद किंचित निळा व्हायला हवा.

'बोर्डो पेस्ट' म्हणतात ती हीच, फक्त दहापट दाट: १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी. डाळिंबाच्या, आंब्याच्या बुंध्याला, छाटणीच्या मोठ्या जखमेला कुंचल्याने लावतात. मिलार्देंच्या मूळ कृतीच्या, म्हणजे खिमटीच्या, सगळ्यांत जवळचं आज आपल्याकडे काही असेल तर ते हेच. बर्गंडीच्या नावाचंही एक मिश्रण आहे. त्यात चुन्याऐवजी धुण्याचा सोडा असतो. चांगला चुना मिळत नाही तिथे ते वापरायचे. म्हणजे ज्या दोन प्रांतांनी जगाला दोन वाइन, दोन बाटल्या आणि दोन लाल रंग दिले, त्याच दोघांची नावं दोन निळ्या औषधांना आहेत. आपल्या देशातलंही एक उदाहरण घ्या: उत्तराखंडमधल्या चौबटिया गावावरून 'चौबटिया पेस्ट'. फळबागांच्या औषधांना गावांची नावं पडतात, कारण ती बहुधा एखाद्या गावातल्या बागेत सापडतात आणि कोणा एका कंपनीची नसतात. दुकानात 'तयार बोर्डो' म्हणून पुडी मिळते, ती वाईट नाही, पण लेबलवर तांब्याचं प्रमाण वाचून मगच मात्रा ठरवा. आणि कॉपर ऑक्सिक्लोराइडला बोर्डो म्हणू नका. तांबं दोन्हीत आहे, पण ते वेगळं औषध, वेगळी मात्रा.

तांब्याबद्दल एक गोष्ट प्रकल्पात जरूर लिहा. मोरचुदात साधारण चौथा हिस्सा तांबं असतं. एकरी ४०० लिटर एक टक्क्याचा बोर्डो मारला तर ४ किलो मोरचूद, म्हणजे सुमारे १ किलो तांबं. हेक्टरला अडीच किलो. तांबं कुजत नाही, उडून जात नाही. मातीच्या वरच्या थरात साठत राहतं आणि गांडुळांना, मुळांना त्रास देतं. युरोपीय संघाने २०१८ मध्ये ठरवलेल्या नियमानुसार तिथल्या शेतकऱ्याला सात वर्षांत हेक्टरी २८ किलोच तांबं वापरता येतं, सरासरी वर्षाला ४ किलो. आपल्या प्रमाणात मारलेल्या दोन फवारण्यांत ती सरासरी ओलांडली जाते. ज्या मुलखात हे औषध जन्मलं तिथेच आज त्याला मोजमाप लावलं आहे, आणि जुन्या बागांच्या मातीचा अनुभव बघता ते योग्यच आहे. आपल्याकडे जुनी बाग असेल तर माती परीक्षणात तांबं बघायला सांगा. इतर खतांच्या आकड्यांखाली तो आकडा कोणी वाचत नाही.

मिलार्देंचं नाव आणखी एका ठिकाणी तुम्हाला भेटेल. खुंटांच्या यादीत '१०१-१४ एमजीटी' असं लिहिलेलं असतं. त्यातला 'एमजी' म्हणजे मिलार्दे आणि त्यांचे सहकारी द ग्रासे. फिलॉक्सेराशी लढणारे खुंट तयार करण्यातही ते होते. एकाच माणसाने मुळांकडूनही बाग वाचवली आणि पानांकडूनही. ऑक्टोबरमधल्या त्या फेरीची गोष्ट सगळे सांगतात, खुंटांचं काम फारसं कोणी सांगत नाही. माझ्या मते ते तितकंच मोठं.

आता वहीतला प्रश्न. 'बोर्डो मिश्रण' लिहा. 'द्रावण' हा शब्द रसायनशास्त्रात विरघळलेल्यासाठी राखलेला आहे, आणि हे मुद्दाम न विरघळलेलं आहे. मोरचुदाचं पाणी हे द्रावण. चुना मिसळल्यावर जे होतं ते निलंबन, म्हणजे तरंगते कण. परीक्षक काटेकोर असतील तर 'बोर्डो मिश्रण (निलंबन)' असं लिहा. बोलताना नुसतं 'बोर्डो' चालेल, पुल्लिंगी, जसा घरी चालतो तसा: बोर्डो केला, बोर्डो मारला. 'मिश्रण' जोडलं की नपुंसकलिंगी आणि 'पेस्ट' जोडली की स्त्रीलिंगी.

हा फरक शेतात रोज दिसतो. माणूस 'द्रावण' म्हणतो तेव्हा एकदा ढवळून टाकी भरतो आणि निघतो. पण हे कण बसतात. टाकीतला ढवळणारा फिरत नसेल तर टाकी वरून पातळ आणि तळाला दाट होते. मग पंप तळातून ओढतो तेव्हा पहिल्या ओळींना दुप्पट तांबं आणि शेवटच्यांना नुसतं निळसर पाणी. एकाच बागेत एका टोकाला करपलेली पानं आणि दुसऱ्या टोकाला डाऊनी, अशी तक्रार आली की मी सगळ्यात आधी टाकीत डोकावतो. म्हणून ढवळणं फवारणी संपेपर्यंत चालू ठेवायचं, नोझलच्या आधी जाळी लावायची, आणि केलेला बोर्डो त्याच दिवशी संपवायचा. रात्रभर ठेवलेल्या बोर्डोचे कण जाड होतात. सकाळी कितीही घुसळला तरी तो आदल्या दिवशीसारखा पानाला धरत नाही.